बेडकाच्या हृदयाचा आलेख : कॅल्शियम की अ‍ॅड्रेनालिन?

परळ_सेकंड_एमबीबीएस
प्रॅक्टिकलला कॉम्प्युटरवरच बेडकाचं हृदय असतं. अज्ञात औषध दिल्यावर आलेखाची उंची (म्हणजे ठोक्याचा जोर) वाढते, पण ती कॅल्शियम क्लोराइडनेही वाढते आणि अ‍ॅड्रेनालिननेही. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) फरक सिद्ध कसा करायचा? आणि कॅफिन यात कुठे बसतं?

दादर_फार्माक
नुसत्या उंचीवर जाऊ नकोस, आधी ठोके मोज. अ‍ॅड्रेनालिनने जोर आणि वेग दोन्ही वाढतात. कॅल्शियमने जोर वाढतो, वेग जवळपास तसाच राहतो. मग रिंगरने (हृदय चालू ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) धुऊन घे, रेघ मूळ पातळीवर येऊ दे, प्रोप्रानोलॉल (बीटा रिसेप्टर अडवणारं औषध) दे आणि तेच अज्ञात औषध त्याच मात्रेत पुन्हा दे. वाढ नाहीशी झाली तर औषध बीटा रिसेप्टरवर (पेशीवर अ‍ॅड्रेनालिन जिथे चिकटतं तिथे) काम करतंय, टिकली तर कॅल्शियम. मात्रा मात्र वाढवू नकोस. प्रोप्रानोलॉलचा अडथळा स्पर्धात्मक असतो, जास्त अ‍ॅड्रेनालिन त्याच्यावर मात करतं आणि उत्तर चुकतं. आणखी एक : यातून 'बीटा-उत्तेजक' एवढंच सिद्ध होतं. अ‍ॅड्रेनालिन की आयसोप्रेनालिन (दुसरं बीटा-उत्तेजक), ते नाही.

सायन_फिजिओ
कारण सांगता आलं पाहिजे, नाहीतर परीक्षक तिथेच अडवतात. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या पडद्यातल्या एल-प्रकारच्या चॅनेलमधून कॅल्शियम पेशीत शिरतं, ट्रोपोनिन-सी या स्नायूतल्या प्रथिनाला चिकटतं आणि स्नायू आकसतो. माणसात बरंचसं कॅल्शियम पेशीतल्या साठ्यातून, म्हणजे सार्कोप्लास्मिक रेटिक्युलममधून सुटतं. बेडकात हा साठा तुटपुंजा, म्हणून बाहेरचं कॅल्शियम बदललं की आलेख लगेच बदलतो. अ‍ॅड्रेनालिन सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढवतं, चॅनेलमधून जास्त कॅल्शियम येतं. सस्तन प्राण्यांत रेटिक्युलमच्या पंपावरचा फॉस्फोलॅम्बन या प्रथिनाचा लगामही सुटतो आणि पंप कॅल्शियम झपाट्याने परत ओढून घेतो, म्हणून हृदय सैलही लवकर पडतं. नुसतं कॅल्शियम वाढवत नेलं तर ही सोय नाही : हृदय पुरतं सैल पडत नाही, रेघ वर सरकते आणि शेवटी ते आकसलेल्या अवस्थेतच थांबतं. पोटॅशियम जास्त झालं तर उलट, सैल अवस्थेत थांबतं.

कॅफिन रेटिक्युलममधून कॅल्शियम सोडवतं, पण त्याला मिलिमोलर मात्रा लागते. कॉफी प्यायल्यावर रक्तातलं प्रमाण मायक्रोमोलरमध्ये (मिलिमोलरचा हजारावा भाग) असतं, तिथे मुख्य काम अ‍ॅडेनोसिन रिसेप्टर अडवण्याचं. दोन्ही एकाच वाक्यात सांगू नकोस.

परळ_सेकंड_एमबीबीएस
धन्यवाद सर. रिंगरमध्ये नेमकं किती कॅल्शियम असतं?

दादर_फार्माक
बेडकासाठी 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम क्लोराइड 6.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 0.14, सोडियम बायकार्बोनेट 0.2 आणि कॅल्शियम क्लोराइड 0.12. बाटलीवर डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू जोडलेलं) असेल तर 0.16 घ्यावं लागतं, इथे हमखास चुकतं. कॅल्शियम वेगळं विरघळवून शेवटी, ढवळत घालायचं. बायकार्बोनेटमध्ये एकदम ओतलं तर द्रावण पांढरट गढूळ होतं आणि कॅल्शियम तळाला बसतं. नळाचं पाणी नको, त्यात आधीच अनिश्चित कॅल्शियम असतं. लंडनमध्ये सिडनी रिंगरला 1883 मध्ये हेच उमगलं : डिस्टिल्ड पाण्याच्या द्रावणात हृदय मंदावलं, नळाच्या पाण्यात धडधडत राहिलं होतं.