‘संस्थांना वाटाघाटीत घेऊ नका’: जौऱ्याच्या शेजारी राहून हे पटतं का?

लष्करकर:
परवा इथे ग्वाल्हेरला मंडळात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं मणिपूरवर व्याख्यान झालं. तासभर छान बोलले. शेवटी म्हणाले, देशातल्या संघर्षात स्थानिक संस्था, महिला मंडळं, चर्च, समाजसेवक यांना चर्चेपासून लांब ठेवावं. बोलायचं ते सरकारनं आणि बंदूकवाल्यांनी. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, म्हणून हा धागा.

निदान ग्वाल्हेरच्या माणसानं तरी असल्या बोलण्याला टाळ्या वाजवू नयेत. १४ एप्रिल १९७२ला आपल्या शेजारच्या चंबळ खोऱ्यात, जौऱ्याच्या गांधी सेवाश्रमात मोहरसिंग, माधोसिंग या डाकूंच्या टोळ्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. पोलिसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, जयप्रकाश नारायणांवर होता. माधोसिंग आधी ‘ठेकेदार रामसिंग’ बनून पाटण्याला त्यांना भेटून आला होता. आणि बीहडात, म्हणजे डाकू लपायचे त्या घळींत, जाऊन बोलणी करणारी माणसं गांधीवादी सुब्बारावांसारखी, आश्रमातली होती.

आमचे बाबा तेव्हा छोट्या लाईनच्या गाडीनं जौऱ्याला गेले होते, टपावर बसून. परत आले तेव्हा पांढरा सदरा कोळशानं काळाकुट्ट. आई आधी सदऱ्यावरून बोलली, मग हळूच विचारलं, मोहरसिंगाच्या मिशा खरंच एवढ्या आहेत का?

मणिपुरात काय झालं बघा. ३ मे २०२३ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसा सुरू झाली. जूनमध्ये केंद्रानं राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली ५१ जणांची शांतता समिती जाहीर केली. त्यातले कुकी सदस्य म्हणाले, आम्हाला न विचारता नावं घातली, आणि ज्या मुख्यमंत्र्यांवर आमचा विश्वास नाही तेही समितीत आहेत. ते आलेच नाहीत. लग्नपत्रिकेत न विचारता ‘स्नेहांकित’ म्हणून नाव छापावं, तसला हा सहभाग!

खाकीवाला:
दादा, चंबळचं उदाहरण इथे लागू नाही. बागी म्हणा नाहीतर डाकू, ते वेगळं राज्य मागत नव्हते, दोन समाज एकमेकांची गावं जाळत नव्हते. शिवाय १९६०ला विनोबांपुढे २० जणांनी शस्त्रं ठेवली, तरी १९७२ला पुन्हा शेकडो निघालेच. त्यानंतर मलखान, मग १९८३ला भिंडला फूलनदेवी. दर वेळी हार घालायचे आणि दर वेळी नवी टोळी. हे कसलं शांतताकार्य?

आणि स्थानिक संस्था तटस्थ असतात हे कुणी सांगितलं? जून २०२३मध्येच मणिपूरच्या इथम गावात लष्करानं १२ मैतेई अतिरेकी पकडले होते. मैतेई बायकांच्या पुढाकारानं हजारावर लोकांचा जमाव आडवा आला. लष्कराला त्यांना सोडून परतावं लागलं. याच बायकांना तुम्ही चर्चेला बसवणार?

लष्करकर:
हो, त्यांनाच. ज्यांच्या एका हाकेवर लष्कराचा ताफा थांबतो, त्यांना वगळून करार केलात तर तो गावात पाळणार कोण? त्या तटस्थ आहेत असं मी म्हणत नाही. समोर कुकी बायकाही हव्यात, हे उघड आहे.

नया बाजार:
नागालँड विसरलात. १९६४ला चर्चच्या पुढाकारानं जयप्रकाश, आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री चलिहा आणि इंग्रज पाद्री मायकेल स्कॉट यांचं शांतता मंडळ आलं, ६ सप्टेंबरपासून सरकार आणि नागा बंडखोरांत शस्त्रसंधी झाली. पण १९६६ला स्कॉटना देशाबाहेर काढलं आणि मंडळही संपलं. मध्यस्थ सरकारला सोयीचा असेपर्यंतच चालतो हो!

सबलगडची लेक:
तुम्ही दोघंही बागी आणि सरकार यांच्यातच अडकलात. आजीचा धाकटा दीर ‘पकड’ होता. चंबळबाहेरच्यांसाठी सांगते, खंडणीसाठी पळवून नेलेल्या माणसाला आमच्याकडे पकड म्हणतात. शेत विकून पैसे पोचवले, आणि ते परत आले तेव्हा पायाची दोन बोटं नव्हती. पुढे ज्यांनी नेलं ते शरण आले, मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात राहिले, सुटले. आमच्या घरी ना खाकीवाला आला ना खादीवाला. ‘तुम्हाला काय वाटतं’ एवढं विचारायला सायकलवरून एक कार्यकर्ता आला असता तरी चाललं असतं. लष्करकरदादा, तुमच्या बाबांना मिशा दिसल्या. काकाआजोबा त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत.

लष्करकर:
ताई, यावर मला उत्तर नाही. जौऱ्याची गोष्ट मी आयुष्यभर एकाच बाजूनं सांगत आलोय. दुसरीकडे हे केलं गेलंय, एवढंच सांगतो. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांची बोलणी हवानात चालली होती, तिथे १२-१२ जणांच्या पाच तुकड्यांत ६० पीडितांना बोलावलं. त्यात फार्कनं छळलेले होते, तसे सरकारी फौजांनी छळलेलेही.

खाकीवाला:
आणि मग २ ऑक्टोबर २०१६ला सार्वमतात करार पडला, तेही सांगा ना.

सबलगडची लेक:
पडला, थोडक्यात. पण २००२ला चर्चवर फार्कचा बॉम्ब पडून जिथे माणसं मेली, त्या बोहाया गावानं ९६ टक्के ‘होय’ दिलं होतं. लढाईची झळ कमी पोचलेल्या बऱ्याच शहरांत ‘नाही’ भरपूर पडलं. म्हणून ताईमाईअक्का सगळ्या माफ करायला तयारच असतात असं मात्र समजू नका. आजीनं कुठलं बटण दाबलं असतं, मला सांगता येत नाही. ती घरात ‘पकड’ हा शब्द काढू देत नसे. चुलीवरच्या पकडीलासुद्धा ती सांडशी म्हणायची.