पडद्याचा रॉड आणि दीड हजाराचं कॉर्डलेस ड्रिल

पाषाणकर
"घरात वर्षाला चार भोकं पाडायची तर दीड हजाराचं कॉर्डलेस घ्या. दोन बॅटऱ्या, चोवीस बिटं सोबत मिळतात. महागडं घेणारे ब्रँडला भुलतात." काल इथे कुणीतरी हा सल्ला दिला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला राहवेना, कारण याच सल्ल्यावर मी तीन वर्षांपूर्वी फसलोय.

पडद्याचा रॉड लावायचा होता. बिट टेकवलं, प्लास्टरची पांढरी भुकटी भुरभुर पडली, वाटलं झालंच. पाऊण इंचावर करडी भुकटी आली आणि बिट जागच्या जागी फिरायला लागलं. खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा लिंटेल असतो आणि रॉड नेमका तिथेच येतो. स्टुलावर उभं राहून दहा मिनिटं रेटलं, बिटाचं टोक निळं पडलं, दोन्ही बॅटऱ्या उतरल्या. भोक किती? करंगळीचं नख जाईल एवढं.

मशीन पुन्हा दिवाळीत काढलं, तर दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या. लिथियमची बॅटरी वापरा न वापरा, तिचं वय होतच असतं, आणि उतरलेली तशीच ठेवून दिली तर लवकर जाते. नवी बॅटरी घ्यावी म्हणून पुण्याच्या बोहरी आळीत चार दुकानं हिंडलो. त्या मापाची खाच कुणाकडेच नाही.

म्हणून सांगतो, ज्याला क्वचितच लागतं त्याने तर वायरवालंच घ्यावं. ५०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजारांत येतं. दहा वर्षं माळ्यावर पडलं तरी प्लग लावला की फिरतं.

मंजिरी_ठाणे
तुमच्या लिंटेलचा राग सगळ्या कॉर्डलेसवर का? माझं चौदाशे रुपयांचं आहे, सव्वा वर्ष झालं. पुस्तकांची मांडणी जोडली, मुलाचा पलंग खोलून पुन्हा उभा केला, किचनच्या कपाटांच्या बिजागऱ्या आवळल्या, देवघर टांगलं. भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या आहेत, हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवूनही बिट सहज जातं. वायरवाल्याला बोर्ड दाराशी आणि खिडकी समोरच्या टोकाला, म्हणजे आधी एक्स्टेन्शन शोधा.

आणि मी मशीन घेतलं ते हौसेने नाही. एका भोकासाठी सुतार येत नाही. तीन रविवार "येतो ताई, येतो ताई" ऐकलं. चौथ्या रविवारी आला आणि दारातच विचारलं, "साहेब नाहीत का घरी?" त्या संध्याकाळीच ऑर्डर केलं.

खोलून_बघणारा
माझ्या मेव्हण्याने घेतलेल्या मशीनवर '४८ व्होल्ट' छापलं होतं. पॅक उघडला, आत बोटाएवढे पाच सेल. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर एकेक ४.२ पर्यंत जातो, म्हणून तेच पाच सेल '२१ व्होल्ट' म्हणूनही विकतात. ४८ आले कुठून? ही सरळ फसवणूक आहे, आणि मला राग याचा आहे की लोक आकडा बघूनच घेतात.

रंधा_डोंबिवली
मी सुतारच आहे, बावीस वर्षं झाली. मंजिरीताई, "सुतार येत नाही" म्हणणं सोपं आहे. एका भोकासाठी यायचं म्हणजे मशीन, बिटांचा डबा, घोडी गाडीला बांधायची, गेटवर नाव-नंबर लिहायचा, सामानाची लिफ्ट येईपर्यंत थांबायचं. तास गेला. मग घरातले म्हणणार, पाच मिनिटांचं तर काम, पन्नास घ्या. भिंतीत पाइप लागला तर भरपाई माझी. एकदा बाथरूममध्ये लागला. मालकांनीच बोट ठेवून जागा दाखवली होती, तरी टाइल आणि प्लंबर दोन्हींचे पैसे माझ्या खिशातून गेले.

मशीनचं म्हणाल तर माझ्याकडेही कॉर्डलेस आहे, पण ते स्क्रूला. भिंतीला वायरवालं. आणि सिपोरेक्सला भोक पाडणं सोपं, त्यात काही टिकणं अवघड. साधी आखूड गुट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) वजनाने उपटून येते, तिथे लांब गुट्टी लागते. देवघर एकदा हलवून बघा.

मंजिरी_ठाणे
मी पन्नास कधीच म्हटलेलं नाही, सांगाल ते द्यायला तयार होते! यायचं नव्हतं तर पहिल्याच रविवारी नाही म्हणायचं. मी तीनदा घर आवरून, फर्निचर सरकवून बसले होते. माझ्या तासाला किंमत नाही का? आणि 'साहेबां'वर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

पाषाणकर
धागा ड्रिलचा आहे, कृपया...

मंजिरी_ठाणे
ड्रिल का घ्यावं लागतं, तेच सांगतेय.

मिवानग्रस्त
पाषाणकर, तुमचं ५०० वॅटचं माझ्या घरी आणा. मिवान बांधकाम आहे, खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. इम्पॅक्टमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर उड्या मारतात, ठोका जेमतेम बसतो, तुम्ही रेटाल तेवढाच. रोटरी हॅमरमध्ये आतला पिस्टन हवेच्या दाबाने ठोकतो, हात फक्त धरायला. माझ्या घरात तेच चालतं. घर घेताना बिल्डरने "मजबूत" एवढंच सांगितलं. एक कॅलेंडर टांगायला अख्खी इमारत थरथरणार हे सांगितलं नाही. आठ महिने झाले, वडिलांचा फोटो अजून टेबलावर टेकवून ठेवलाय.

चिरेबंदी
आमच्याकडे रत्नागिरीला उलटं. चिऱ्याला हॅमर लावलात की आठ मिलिमीटरचं भोक दहाचं होतं आणि गुट्टी गरगर फिरते. हॅमर बंद, बिट एक नंबर लहान, आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू. आजोबा हेच करत, फक्त हाताने.

निवृत्त_वायरमन
इतके जण बोललात, आतल्या वायरींचं कुणीच काढलं नाही. स्विचबोर्डच्या बरोबर वर आणि बरोबर खाली ड्रिल लावू नका. वायरींचा पाइप सहसा तिथूनच सरळ जातो. खात्री नसेल तर आधी मेन बंद करा, आणि त्यासाठी मात्र बॅटरीचं मशीन बरं, हे पाषाणकरांना मान्य करावं लागेल.

पाषाणकर
मेन बंद करून वायरवालं चालत नाही, हे खरं. मिवानला माझं पुरणार नाही हेही खरं. मंजिरीताईंना चौदाशेचं पुरलं कारण त्यांनी मुख्यतः स्क्रू आवळले, आणि भिंत मऊ होती. तेवढ्यापुरतं मान्य. पण कालच्या सल्ल्यात भिंत कसली हे विचारलंच नव्हतं, "चार भोकं" म्हटलं होतं. माझी हरकत त्याला आहे आणि ती कायम आहे.

रंधा_डोंबिवली
ताई, 'साहेब कुठे' मीही विचारतो. पैसे कोण देणार, जागा कोण दाखवणार, ते आधी कळलं की नंतर वाद होत नाही म्हणून सवय लागली. काम सांगणाऱ्या बाईलाच ते विचारणं चुकीचं आहे. पण येतो सांगून न येणारे सगळेच माजलेले नसतात. मोठं काम आलं की छोट्याला नाही म्हणायची भीती वाटते, गिऱ्हाईक कायमचं जातं.

मंजिरी_ठाणे
माझं तसंच गेलं ना शेवटी. नाही म्हटलं असतं तर पुन्हा त्यांनाच बोलावलं असतं.

देवघर हलवून बघितलं. डावीकडची गुट्टी किंचित बाहेर आलीय. समई खाली काढून ठेवलीय.

रंधा_डोंबिवली
देवघरही उतरवून ठेवा, वाट बघू नका. जुनं भोक सोडून दोन इंच बाजूला नवीन पाडा, दहाची लांब गुट्टी, हॅमर बंद. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गुट्टी घालू नका. तुमच्या मशीनने होईल. नाही झालं तर इमारतीतली अजून तीन-चार छोटी कामं जमवा, एका दिवशी येतो. येणार नसेन तर आदल्या रात्री फोन करून सांगेन.