क्विक रिलीज व्हाइस जोर देऊन आवळला की खट् करून सुटतो, उपाय सुचवा

कृष्णाकाठ (कराड)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९ इंची सुतारी व्हाइस (टेबलाच्या कडेला बसवलेला, लाकूड आवळून धरणारा शिकंजा) आहे, क्विक रिलीजचा. पुढच्या जबड्यापाशी खटका आहे, तो दाबला की जबडा हाताने सरळ पुढेमागे सरकतो, सोडला की आटे धरतात. सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुनाच घेतला होता. आतापर्यंत तक्रार नव्हती.

यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून घसरायला लागलाय. फळी धरली, हँडल फिरवलं, पकड बसायला लागते आणि शेवटचा पाव फेरा दिला की आतून खट्. जबडा दोन-तीन मिमी मागे येतो, फळी सैल. काल रंधा मारताना फळी सुटली आणि माझी बोटं टेबलाच्या कडेवर आपटली. सुदैवाने पटाशी हातात नव्हती.

जुन्या घराच्या चौकटीचं सागवान जपून ठेवलंय, त्याचा गणपतीसाठी चौरंग करतोय. पाय तासायचे बाकी आहेत, त्यामुळे व्हाइसशिवाय अडलंय. आतापर्यंत स्प्रे मारून पाहिला, मग स्क्रूला भरपूर ग्रीस लावलं. फरक शून्य, उलट थोडं वाढलंच असं वाटतं. नवीन घ्यावा, की हा दुरुस्त होतो? घरी लेथ किंवा वेल्डिंग नाही.

सागवेडी (नाशिक)
दादा, आधी बोटांना काही झालं नाही ना?

एक विचारते. जबडा मागे येतो, की जबडा जागेवर राहून फळी खाली घसरते? माझं दुसरं होतं आणि मी महिनाभर उगाच नटाला दोष देत बसले. पुढचा जबडा वरच्या कडेला आधी टेकायला हवा, माझा खालून टेकत होता. जबड्याला आतून लाकडी लायनर (फळी) लावलेला असतो, त्याच्या खालच्या बाजूला रंधा मारून ते सुटलं.

कृष्णाकाठ
ताई, बोटं ठीक आहेत, थोडी सूज आहे. जबडाच मागे येतो. खट् आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि हँडलला झटका बसतो.

निवृत्त फिटर (कोल्हापूर)
मग नट आट्यावरून उडी मारतोय. घाई करून नवीन घेऊ नका. हे व्हाइस ओतीव लोखंडाचे असतात, सहसा मरत नाहीत.

आत काय आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा. साध्या व्हाइसमध्ये स्क्रू पूर्ण नटातून जातो. तुमच्यात अर्धा नट आहे, लेथवर आटे पाडताना जो हाफ नट लागतो तोच प्रकार. तो स्प्रिंगच्या जोरावर स्क्रूला बिलगून बसतो. खटका दाबला की एक लांब पट्टी फिरते आणि त्या नटाला स्क्रूपासून दूर ढकलते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीने हा नमुना जगभर नेला, आपल्याकडचे बहुतेक त्याच धाटणीचे. त्यांच्या ५२½ नंबरचा जबडा ९ इंची आणि उघडतो १३ इंच. तुमचा त्याच मापाचा असणार.

आता आटे बघा. ते साध्या बोल्टासारखे नसतात, करवतीच्या दातासारखे असतात. दाताची एक बाजू जवळजवळ उभी, दुसरी उतरती. आवळताना सगळा भार उभ्या बाजूवर येतो. नट पुरता खोल बसला तर माणूस हँडलला लोंबकळला तरी सुटत नाही. पण नट मिलिमीटरभर जरी बाहेर राहिला तर दात फक्त टोकावर धरतात. टोक निसटतं, तेच तुमचं खट्. आणि प्रत्येक खट्‌ला ते टोक आणखी गोल होतं. म्हणून पहिली विनंती, निदान होईपर्यंत त्यावर जोर लावणं बंद करा. रोज दहा वेळा खट् केलंत तर आज साफसफाईवर भागणारं काम महिन्याभरात लेथवर जाईल.

नट पुरता न बसण्याची कारणं चार: दातांत घाण, स्प्रिंग ढिली, खटक्याची पट्टी अडकलेली, किंवा दात झिजलेले. तुम्ही भरपूर ग्रीस घातलंय म्हणता, तर पहिला संशय घाणीवर. ग्रीस आणि भुसा एकत्र आला की लांबी होते, खिडकीच्या काचेला लावतात ती. दाताच्या मुळाशी ती भरली की नटाला आत जायला जागाच राहत नाही.

खाली आडवे व्हा, टॉर्च घ्या आणि दोन गोष्टी करून सांगा.

पहिली. फटीत २०–२५ मिमीची फळी धरून आवळा. मग ५ इंचाचा ठोकळा धरून आवळा. दोन्हीकडे सुटतो का?

दुसरी. घरातल्या कोणाला तरी हँडल धरायला सांगा आणि तुम्ही खालून लाकडी काठीने अर्धा नट स्क्रूवर दाबून ठेवा. बोट घालू नका, काठीच. तसं दाबल्यावर पकड टिकली तर दोष स्प्रिंगचा किंवा पट्टीचा. दाबूनही सुटला तर घाण किंवा झीज.

मेस्त्री (सावंतवाडी)
काकांनी सगळं सांगितलंय, एक भर घालतो. आमच्याकडे पावसात हे दरवर्षी होतं. टेबलाच्या खाली व्हाइसला जे लाकडी पॅकिंग घालतो ते फुगतं. माझ्या एका व्हाइसला प्लायचं पॅकिंग फुगून नटाच्या पाठीला टेकत होतं, नट हलायलाच जागा नव्हती. पटाशीने चार मिमी खाच मारली, काम झालं. पावसाळ्यात सुरू झालं म्हणताय म्हणून हे नक्की बघा. खटक्याच्या पट्टीला पण कुठे लाकूड लागत नाही ना, तेही.

बोल्ट जास्त आवळले तरी बॉडी पिळवटते आणि जबडा ज्यांच्या आधाराने सरकतो त्या दोन्ही दांड्या घासत चालतात. खटका दाबून जबडा सरकवला तर तो एका हाताने सरळ गेला पाहिजे.

कृष्णाकाठ
काल रात्री बायकोला हँडलवर बसवून सगळं केलं.

१ इंचाच्या फळीवर दर वेळी सुटतो. दीड इंचाच्या आसपास कधी सुटतो, कधी धरतो. ५ इंचाच्या ठोकळ्यावर एकदाही सुटला नाही, बायकोने दोन्ही हातांनी जोर लावला तरी. काठीने दाबल्यावर १ इंचावरही बरंच जास्त धरतो, पण शेवटी सुटतोच.

पॅकिंग नटापासून लांब आहे, पट्टीला काही लागत नाही. खटका सोडल्यावर मात्र सावकाश परत येतो, पूर्वी टक् करून यायचा.

निवृत्त फिटर (कोल्हापूर)
वा, यापेक्षा स्वच्छ उत्तर मिळणार नाही. तुमच्याकडे एक नाही, दोन-तीन दोष एकत्र आहेत. खटका सावकाश येतो म्हणजे घाण आहे आणि स्प्रिंग मंदावली आहे. ५ इंचावर धरतो म्हणजे नट अजून कामाचा आहे. आणि १ इंचावर दाबूनही सुटतो म्हणजे स्क्रूचा तो भाग झिजलाय.

असं का, ते सांगतो. नट बॉडीच्या मागच्या बाजूला एका जागी आहे, सरकतो तो स्क्रू. त्यामुळे फट जेवढी, त्यानुसार स्क्रूचा ठरावीक तुकडाच नटात येतो. आपण सुतारकामात नव्वद टक्के वेळा इंचभर फळ्या धरतो. म्हणजे त्या वर्कशॉपने कैक वर्षं स्क्रूचे तेच पाच-सहा आटे वापरले, बाकीचा स्क्रू जवळजवळ कोरा आहे. टॉर्चने दोन्ही भाग शेजारी शेजारी बघा, फरक दिसेल.

आधी सफाई. मागच्या टोकाची पिन आणि पट्टी काढलीत की पुढचा जबडा दांड्या आणि स्क्रूसकट बाहेर येतो. जड असतो, खाली स्टूल लावा आणि कोणाला तरी धरायला सांगा. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाही तर टर्पेंटाइन. तारेचा ब्रश स्क्रूला चालेल. नटाच्या दातांत बांबूची काडी तासून घाला, प्रत्येक दात मुळापर्यंत. कानस अजिबात लावू नका. अनेक जण दात “धारदार” करायला जातात आणि होती तीही धातू घालवतात.

लेस्टरकर
इंग्लंडमधून लिहितोय. माझ्याकडे मूळ रेकॉर्ड आहे, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमधून आला. माझंही दुखणं हेच होतं आणि फक्त सफाईने नव्वद टक्के गेलं. नटाच्या दातांतून जे काळं निघालं ते काडीने उकरताना अख्ख्या दाताच्या आकाराच्या कांड्या पडत होत्या. बाहेरून बघताना मला वाटायचं नट स्वच्छ आहे, कारण ती घाणच दातांच्या सपाटीपर्यंत भरली होती.

सफाईनंतर ग्रीस परत लावू नका. स्क्रूला तेलाचा थेंब देऊन कापडाने पुसून टाका, दांड्यांना मेणबत्ती घासा.

भंगारप्रेमी (पुणे)
माझं मत वेगळं. झिजलेला स्क्रू म्हणजे कटकट संपत नाही. क्विक रिलीज सोडा, बोल्ट मारून नट कायमचा स्क्रूवर दाबून टाका. हँडल फिरवून उघडबंद करायचं, आमच्या आजोबांनी आयुष्यभर तेच केलं. किंवा जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, त्याच मापाचा मोडका व्हाइस मिळाला तर नट आणि स्क्रू दोन्ही सुटे मिळतील.

निवृत्त फिटर (कोल्हापूर)
सुटे भाग शोधायला हरकत नाही, पण जाताना आपला स्क्रू बरोबर न्या. दहा आट्यांची लांबी पट्टीने मोजून दहाने भागा, दोन्हीचं अंतर तंतोतंत जुळलं तरच घ्या. थोडा फरक असला तर एकच दात भार घेतो आणि तो मोडतो.

नट कायमचा दाबायला मात्र मी आत्ता सांगणार नाही. झिजलेल्या आट्यांवर तो तसाही सुटेल, यांनी काठीने दाबून पाहिलंच आहे. आणि रोज फळी, मग पाय, मग परत फळी असं काम असलं की क्विक रिलीजमुळे वाचणारा वेळ खरा असतो.

मेस्त्री (सावंतवाडी)
मी सांगू? स्क्रूला हात लावू नका, लायनर जाड करा.

आता तुमचे लाकडी लायनर किती जाड आहेत? समजा दोन्ही मिळून इंचभर. ते अडीच इंच केले, तर तीच १ इंचाची फळी धरताना लोखंडी जबडे पूर्वीपेक्षा दीड इंच जास्त उघडे राहतील. म्हणजे नटात स्क्रूचा कोरा भाग येईल. झिजलेला तुकडा कामात येणारच नाही. उघडण्यातले दीड इंच जातील, ते जाऊ देत.

पुढचा लायनर जास्त जाड करा. मागचा टेबलाच्या कडेशी सपाट बसला पाहिजे, नाहीतर लांब फळी उभी धरताना त्रास. लाकूड फार कठीण नको, सागवानावर वळ उठतील. मी आंबा वापरतो. स्क्रूची डोकी सहा मिमी तरी आत बुडवा, रंध्याचं पातं कधी ना कधी तिथे जातंच.

सागवेडी (नाशिक)
मेस्त्रीकाका, हे किती सुंदर आहे! मी माझ्या व्हाइसची झीज आजच बघते.

लायनरवर चामडं चिकटवा, दादा. चपला करणाऱ्यांकडे दोन-तीन मिमी जाडीचे तुकडे मिळतात. खरखरीत बाजू धरायच्या फळीकडे. मग एवढं पिळावंच लागत नाही, साध्या हाताने आवळलं तरी फळी हलत नाही. आणि फळी जबड्याच्या एकाच टोकाला धरणार असाल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, नाहीतर जबडा तिरका होतो आणि नटावर आडवा ताण येतो.

कृष्णाकाठ
रविवार यातच गेला, पण सांगण्यासारखा गेला.

पिन काढून जबडा बाहेर घेतला. लेस्टरकर म्हणाले तेच, नटातून काळ्या कांड्या पडल्या. चहाची अर्धी बशी भरली. माझं ताजं ग्रीस वरती आणि खाली कोणत्या जमान्यातलं दगड झालेलं. धुतल्यावर नट बघितला, दात चांगले आहेत, फक्त टोकं किंचित गोल.

स्क्रू उजेडात धरला तेव्हा काकांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. एका जागी सहा आटे चकचकीत, टोकं पातळ आणि मागे झुकलेली. त्याच्या पुढचे करडे, जाड, कडा अजून तीक्ष्ण. नखाने दोन्हीकडे चाचपून पाहिलं. झिजलेल्या भागावर नख घसरतं, पुढे अडतं.

स्प्रिंग लगेच मिळाली नाही म्हणून नटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. तेवढ्याने दीड इंचावरचं सुटणं बंद झालं. सोमवारी स्कूटर दुरुस्तीवाल्याकडून त्याच जाडीची, एक वेढा कमी असलेली स्प्रिंग मिळाली, ती बसवली. खटका परत टक् करून येतो.

लायनर १२ मिमीचे दोन होते. आता पुढे ४० आणि मागे २५, दोन्ही आंब्याचे. म्हणजे ४१ मिमीचा फरक पडला. आतून कोल्हापुरी करणाऱ्याकडचं चामडं. १ इंचाच्या फळीवर पंचवीस वेळा आवळून पाहिलं, एकदाही खट् नाही. उघडतो साडेदहा इंचांच्या जवळ, मला पुरतो. चौरंगाचे दोन पाय आज तासून झाले.

काका, मेस्त्री, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. मी नवा घ्यायला निघालो होतो.

निवृत्त फिटर (कोल्हापूर)
फार बरं वाटलं वाचून. ट्यूबची पट्टी काढलीत ना? राहिली तर तिला तेल लागून ती चिकट होते आणि भुसा धरते.

स्क्रू पुढे कधी बदलावा लागला तर इकडे उद्यमनगरात तसे आटे पाडून देणारे लेथवाले आहेत. नट ओतीव आहे, त्याला साधं वेल्डिंग कोणाला करू देऊ नका, तडा जातो. दात भरायचेच झाले तर पितळेचं ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून भरून, मग आटे पाडायचे.

कृष्णाकाठ
काढली, काका. नोंद करून ठेवली.

नवशिका (ठाणे)
धागा वाचून खाली टॉर्च मारली. माझा ७ इंची, दोनच वर्षांचा. अजून सुटत नाही, पण नटात काळं भरलेलं दिसतंय. सगळा खोलावा लागेल का?

मेस्त्री (सावंतवाडी)
नाही. खटका दाबून जबडा पूर्ण बाहेर ओढा, स्क्रू मिळेल तेवढा पुसा, आणि नट खालून काडीने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा, ती घाण तोंडावरच पडते.