टोल्युइनच्या एसडीएसमधले (रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकातले) टीडब्ल्यूए, एसटीईएल, आयडीएलएच, एलईएल: कुठला आकडा कशासाठी?

पेंटशॉप_भोसरी:
भोसरी एमआयडीसीत पेंट शॉप आहे, थिनर म्हणून टोल्युइन वापरतो. एसडीएसमध्ये टीडब्ल्यूए १००, एसटीईएल १५०, आयडीएलएच ५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि एलईएल १.१ टक्के दिलंय. मिक्सिंग रूममधला डिटेक्टर ४ टक्के एलईएल दाखवतो, अलार्म १० ला आहे. मग धोका नाही असं धरायचं का? शिफ्ट १२ तासांची आहे.

सॉल्व्हंट_सेफ्टी:
अजिबात धरू नका! एलईएल आगीसाठी असतं: हवेत किमान इतकी वाफ झाली की ठिणगीने पेटते. १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम. त्याचे ४ टक्के म्हणजे ४४० पीपीएम, एसटीईएलच्या, म्हणजे थोड्या वेळापुरत्या श्वासाच्या मर्यादेच्या, जवळजवळ तिप्पट. अलार्म वाजेल तेव्हा ११०० झालेले असतील, म्हणजे जिवाला तत्काळ धोका सांगणाऱ्या आयडीएलएचच्या दुपटीपेक्षा जास्त. शिवाय डिटेक्टर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर टोल्युइन कमीच दाखवतो.

श्वासाच्या मर्यादा तपासायला पीआयडी (कमी प्रमाणातली वाफ पीपीएममध्ये मोजणारा फोटोआयोनायझेशन डिटेक्टर) लागतो. त्यात १०.६ इव्हीचा (इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा) दिवा, आयसोब्युटिलीन वायूवर कॅलिब्रेशन असेल तर दिसणारा आकडा ०.५ ने गुणा. मोजताना नळी जमिनीलगतही धरा, ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. एक्झॉस्टचं तोंडही खालीच हवं.

शिफ्ट_इनचार्ज:
टीडब्ल्यूए ही श्वासातल्या वाफेची ८ तासांची सरासरी मर्यादा. १२ तासांना ब्रीफ-स्काला सूत्राने (८/१२) × (१२/१६), म्हणजे निम्मी, ५० पीपीएम धरा. एसटीईएल १५ मिनिटांची सरासरी. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, मध्ये किमान ६० मिनिटं. १००/१५० हे फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ (२०२५ पर्यंत लागू होता) च्या दुसऱ्या अनुसूचीतले आकडे. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेची टीडब्ल्यूए फक्त २० आहे, म्हणून आकड्याशेजारी कुणाची मर्यादा आहे तेही वाचा.

पेंटशॉप_भोसरी:
आत्ता लगेच काय करू? मुलं कापडी मास्क लावतात.

सॉल्व्हंट_सेफ्टी:
कापडी किंवा धुळीच्या मास्कातून वाफ आरपार जाते. माणसं बाहेर काढा, बॅरल आणि मिक्सिंगची भांडी झाका, एक्झॉस्ट वाढवून पुन्हा मोजा. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ हवी; टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान) ४ अंश सेल्सिअस आहे, पुण्यात थंडीतही वाफ पेटू शकते. ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचा (सॉल्व्हंटची वाफ शोषणाऱ्या डबीचा) मास्क ५०० पीपीएमच्या वर चालत नाही, तिथे बाहेरून हवा पुरवणारा संच लागतो.

आणि एसडीएसमध्ये 'एन.ए.' दिसलं तर सप्लायरला लेखी विचारा. कुणी ते 'लागू नाही' म्हणून लिहितं, कुणी 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून.