सोसायटी ग्रुप, नांदेड : पहाटेची प्रभातफेरी

सी-१०१ : आज पहाटे पावणेपाचला गेटसमोर स्पीकर कुणाचा होता? बाळ तीनला झोपलं होतं, पुन्हा उठलं. कमिटीने परवानगी दिली होती का?

बी-३०२ काका : प्रभातफेरी होती. गुरुनानक जयंती जवळ आली की दरवर्षी निघते.

ए-२०४ : रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे.

सी-१०१ : आम्ही पुण्याहून नवीन आलोय, दरवर्षीचं कसं माहीत असणार? आणि पंजाबात ठीक आहे, इथे आपल्या दारात कशासाठी?

ए-४०१ काकू : अगं, नांदेडात राहून असं म्हणतेस? गुरु गोविंदसिंघजींनी १७०८ साली इथेच गोदाकाठी देह ठेवला. ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं तेही इथेच. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आपल्या गावात आहे.

डी-२०३ : फेरीवाल्यांना चहा असतो म्हणे. कुठल्या मजल्यावर? हाहा

ए-२०४ : विषय चहाचा नाही. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे.

बी-१०४ : चहाचे कागदी कप माझ्या स्कूटरच्या सीटवर होते. त्यावरही बोला.

डी-२०३ : गणपतीत तुमच्या विंगच्या डॉल्बीवर आम्ही बोललो का?

बी-१०४ : तो विषय मिटलाय. उकरू नका.

बी-५०२ सरदारजी : सर्वांना नमस्कार. ताई, बाळाला त्रास झाला, वाईट वाटलं. स्पीकर यंदा कुणीतरी हौसेने गाडीवर बांधला. आजोबांच्या वेळी ढोलकी, छैणे, चिमटा एवढंच असायचं. उद्यापासून तसंच, जत्थ्याशी बोललोय. पण वेळ बदला म्हणू नका. अमृतवेळेचं नामस्मरण उन्हात करून कसं चालेल? तख्तसाहिबाला गोदावरीची घागरही अंधारातच येते. आणि आम्ही दखनी शीख, पिढ्यान् पिढ्या इथलेच. बाहेरचे समजू नका.

बी-३०२ काका : जयंती कार्तिक पौर्णिमेची. आपला काकडाही कोजागरीपासून त्याच पौर्णिमेपर्यंत चालतो. मी देवळात टाळ घेतो त्याच सुमाराला यांची फेरी निघते. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. काकड्यालाही नामदेव आणि त्यांच्या कीर्तनातही नामदेव. २०१५ साली साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं, ते नामदेवांमुळेच.

सी-१०१ : नामदेवांचं माहीत आहे, काका. आमच्या घरीही वारी आहे. मला झोप हवी आहे, एवढंच म्हणणं आहे.

ए-२०४ : काकड्यालाही तोच नियम. १० ते ६.

बी-३०२ काका : काकड्याला आम्ही स्पीकर लावतच नाही, साहेब. मागच्या वर्षीही तुम्हाला हेच सांगितलं होतं.

ए-४०१ काकू : काका, जाऊ द्या.

अध्यक्ष : ठरलं. स्पीकर नाही. फेरी सी विंगखालून न येता मागच्या गेटने येईल, वॉचमनला चावी दिली आहे. चहा क्लबहाऊससमोर, स्टीलच्या पेल्यांत. पेले विसळायला डी-२०३.

डी-२०३ : मी?

अध्यक्ष : चहाची चौकशी तुम्हीच केलीत.

बी-५०२ सरदारजी : पेले आमच्याकडून, मीही येतो विसळायला. ताई, गुरुपुरबला, म्हणजे जयंतीला, बाळाला घेऊन लंगरला या. दुपारी, झोप झाल्यावर.

सी-१०१ : येईन. पण मागच्या गेटचा आवाज बेडरूममध्ये येतो का, ते उद्या पहाटे आधी बघते.