हृदयाची सूज, दाह की शोथ?

मध्यरेषा:
एका वाक्यापाशी अडले आहे. हृदयस्नायूचा आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यातला एक भाग असा, की या लोकांच्या हृदयात मध्येच इन्फ्लमेशन होतं तेव्हा उपचार काय करतात. मी सरळ 'हृदयाला सूज' लिहिलं. मसुदा आत्तेबहिणीला वाचायला दिला, कारण तिच्या मुलाला हाच आजार आहे. तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, 'म्हणजे पाणी साठलं का? त्याच्या पायावर तर सूज नाही.' 'दाह' केलं तर म्हणाली, 'त्याला जळजळ कुठे होते? छातीत दुखतं.' तिसऱ्या खेपेला इन्फ्लमेशनचा परिभाषेतला शब्द घेऊन 'हृदयशोथ' केलं. ते तिने 'हृदयशोध' वाचलं आणि एखाद्या तपासणीचं नाव समजून पुढे गेली. आता काय लिहू?

तळटीप:
शोथच लिहा. संधिशोथ, यकृतशोथ अशी सगळी मालिका आहे, त्यात हृदयानेच काय पाप केलंय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'त्रिशोथीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. शब्द आपलाच आहे, आपण वापरणं सोडलं म्हणून तो परका वाटतो. एकदा समजावून सांगितलं की दुसऱ्यांदा कुणी शोध वाचणार नाही.

ओसरी:
पण तळटीप, शोथ आला 'श्वि' धातूवरून, म्हणजे फुगणे. तोही सूजच झाला की! संस्कृतात जाऊनही त्या ताईंचा पाण्याचा प्रश्न सुटत नाही. इन्फ्लमेशनच्या लॅटिन मुळात आग आहे, म्हणून दाह जवळचा. मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असा खुलासा जागोजागी येतो, तो याचसाठी.

कानामात्रा:
मी हृदयरोग विभागात काम करते. पेशंटशी बोलताना 'सूज' म्हणते आणि लगेच सांगते, पायावर येते तशी पाण्याची नव्हे.

या आजारात नेमकं काय होतं ते लिहिते, कदाचित शब्द निवडायला उपयोग होईल. काही घराण्यांत डेस्मोप्लाकिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हृदयाच्या पेशी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात, त्या शिवणीत हे प्रथिन असतं. दोष असला की शिवण कच्ची राहते, ताण पडला की उसवते. पेशी मरतात, तिथे सूज येते, मागे व्रण राहतो. पेशंट येतो तेव्हा छातीत दुखत असतं, रक्तात ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलेलं, आणि अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या. व्हायरसने आलेली सूज समजून त्याला घरी सोडलं जातं, आणि काही काळाने तेच पुन्हा होतं. एमआरआयमध्ये डाव्या कप्प्याच्या भिंतीत व्रणाची पट्टी दिसली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेल्याचं कळलं, की मग जनुकतपासणीचं डोक्यात येतं.

उपचार म्हणजे विश्रांती, हृदयाच्या लयीवर लक्ष, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी औषधं), पंपिंग कमी असेल तर त्याची औषधं, आणि लय बिघडण्याचा धोका मोठा असेल तर आयसीडी, म्हणजे छातीत बसवलेलं, गरज पडली की झटका देऊन लय सुधारणारं यंत्र. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं निवडक पेशंटना देतात, पण त्यांचा फायदा नक्की कुणाला होतो याचा पुरावा अजून थोड्याच पेशंटवरचा आहे. म्हणून 'दाह' लिहायला मी कचरते. दाह म्हटला की तो शमवायचा, शमला की संपलं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आणि कृपा करून कुठेही 'सूज उतरवणारी गोळी' लिहू नका. लोक दुकानातून वेदनाशामक आणून घेतात, आणि हृदयस्नायू सुजलेला असताना ते धोक्याचं ठरू शकतं.

मध्यरेषा:
कानामात्रा, तुम्ही लिहिलंत तेच आमच्याकडे घडलं. ट्रोपोनिन खाली आलं तेव्हा बहीण म्हणाली, 'उतरली एकदाची सूज, आता पळायला जाऊ दे त्याला.' सूज या शब्दाच्या पोटातच 'उतरते' हे क्रियापद बसलेलं आहे. सूज उतरली तरी आजार तिथेच असतो, हे कुठल्या शब्दाने सांगायचं?

कानामात्रा:
पळणं नाहीच. नुसत्या सुजेनंतरही साधारण तीन ते सहा महिने दमछाक करणारा व्यायाम बंद असतो. इथे तर मूळ आजारामुळे जोरदार खेळ कायमचे टाळायला सांगतात.

शिरवळ:
एक सांगू? पहिल्या ओळीत 'आनुवंशिक' बरोबर लिहिलंत, बरं वाटलं. छापील पत्रकांत सर्रास 'अनुवांशिक' असतं. अनुवंशला इक लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते. पण साध्या वाचकासाठी 'जन्मजात' का नको?

कानामात्रा:
नको. दोष जन्मापासून असतो, आजार नंतर दिसतो, काहींत कधीच दिसत नाही. बहुतेक घराण्यांत आईवडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. 'जन्मजात' वाचून धडधाकट भाऊ तपासणीला येत नाही.

ओसरी:
मग 'वारशाने आलेला' लिहा. सगळ्यांना कळतं.

मध्यरेषा:
ते लिहून पाहिलं होतं. बहीण वाचून गप्प बसली, मग म्हणाली, 'म्हणजे मी दिला.' मी खोडलं.

तळटीप:
मूळ घोळ 'स्नायू'पासून आहे, ते कुणी बोलतच नाही. आयुर्वेदात स्नायू म्हणजे सांधे बांधणारे बंध, आणि आज आपण ज्याला स्नायू म्हणतो त्या मांसाला तिथे पेशी म्हणतात. मराठीने स्नायूला मांस केलं आणि पेशी हा शब्द सूक्ष्मदर्शकाखालच्या 'सेल'ला दिला. हिंदी अजून मांसपेशी म्हणते.

ओसरी:
केलं ते केलं. आता 'हृदयपेशीचा आजार' म्हटलं तर वाचक एका पेशीचा समजेल. शब्द वापराने ठरतो, मुळाने नाही.

तळटीप:
वापर चुकला तर चूकच रुजते. 'अनुवांशिक'च्या बाबतीत तुम्हा सगळ्यांना मूळ चालतं, स्नायूच्या बाबतीत का नाही?

शिरवळ:
ते व्याकरण आहे, हा अर्थ आहे. दोन्ही एका तागडीत कसे घालता?

मध्यरेषा:
पत्रक उद्या छापायला द्यायचंय. सध्या 'हृदयस्नायूची सूज (पाण्याची नव्हे)' असं ठेवलंय, आणि खाली एक ओळ, 'ही सूज ओसरली तरी आजार राहतो.' बहिणीने वाचलं, या वेळी पेन्सिल उचलली नाही.

तळटीप:
कंसात नकार घालून व्याख्या होत नाही. शोथ लिहा.