सगळ्या कुटुंबाला झेपेल अशी स्कीइंगची सहल: गुलमर्ग की आल्प्स?

देवगडकर

सर्वांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्हा दोघा भावांच्या कुटुंबांनी मिळून आठवडाभराची स्कीइंगची सहल करावी, असे घरात घाटत आहे. त्यासाठी जाणकार सदस्यांचा सल्ला हवा आहे. अडचण अशी की, आमच्यापैकी प्रत्येकाची तयारी निराळी आहे. थोरले बंधू नोकरीनिमित्त जर्मनीत असतात आणि दर हिवाळ्यात स्कीइंग करत असल्यामुळे अवघड उतारही ते सहज उतरतात. माझ्या पत्नीने लग्नापूर्वी उत्तराखंडातील औलीला प्राथमिक प्रशिक्षण घेतले होते. मी आणि मुले (वय ८ व १३) मात्र बर्फावर कधी उभेही राहिलेलो नाही. वहिनींना उंचीची भीती वाटते, त्यामुळे त्या स्कीइंग करणार नाहीत. आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना बर्फ डोळे भरून पाहायचा आहे, एवढेच.

तारखांचेही बंधन आहे. आमची हापूसची बाग असल्यामुळे मार्चमध्ये तोडणी सुरू झाली की घरातून कोणाला हलता येत नाही आणि डिसेंबरात मोहोर फुटू लागला की फवारणीसाठी मला इथेच थांबावे लागते. जानेवारीचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात मोकळा मिळेल. बंधूंचे मत असे की, जिथे उतारांची लांबी सर्वाधिक ते ठिकाण निवडावे. वडिलांचे मत असे की, आपल्या देशात गुलमर्ग असताना परदेशी जाण्याचे कारण काय? दोन्ही बाजूंचा विचार करून कृपया मार्गदर्शन करावे.

दापोलीची माहेरवाशीण

नमस्कार दादा. लग्नानंतर काही वर्षे आम्ही स्वित्झर्लंडमध्ये राहिलो. तिथे मुंबई-पुण्याहून येणाऱ्या नातलगांना घेऊन डोंगरात जाण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

तुमच्या बंधूंचा निकष एकट्याने जाणाऱ्या तरबेज माणसासाठी योग्य आहे, तुमच्या कुटुंबासाठी नाही. फ्रान्समधील त्रुआ व्हाले या, लिफ्टने एकमेकांना जोडलेल्या क्षेत्रात सुमारे ६०० किलोमीटरचे उतार आहेत; पण नवशिक्या माणूस पहिले तीन दिवस शंभर-दोनशे मीटरच्या एकाच सौम्य उतारावर वर-खाली करत असतो, त्याला उरलेल्या लांबीचा काहीही उपयोग नसतो. तुम्ही पाहायचे ते हे, की नवशिक्यांचा उतार, मध्यम उतार, अवघड उतार आणि स्कीइंग न करणाऱ्यांना पायी किंवा गाडीने पोहोचता येईल अशी जागा, या चारही गोष्टी एखाद्या ठिकाणी एकत्र येतात का? तसे ठिकाण असेल तर दुपारी सगळे कुटुंब एका टेबलाशी जेवू शकते. नसेल तर आईवडील खाली हॉटेलात, मुले शिक्षकाबरोबर आणि बंधू पलीकडच्या डोंगरावर, असा आठवडा सरतो आणि एकत्र जाण्याला अर्थ उरत नाही.

या दृष्टीने स्वित्झर्लंडमधील वेंगेन हे गाव मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते. ते १,२७४ मीटर उंचीवर आहे. तिथे मोटारीचा रस्ताच नसून लाउटरब्रुनेनहून आगगाडीने वर जावे लागते. नवशिक्यांचे मैदान गावाच्या मधोमध असल्यामुळे आजी-आजोबांना नातवंडांचे शिकणे जवळून पाहता येते. तीच आगगाडी पुढे २,०६१ मीटरवरील क्लायने शायडेग या स्थानकापर्यंत जाते. वहिनींच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, कारण पाळण्यात अधांतरी न बसता बर्फाच्या अगदी मध्यभागी पोहोचता येते. आयगर शिखराचा उत्तर कडा तिथून समोर दिसतो. पत्नीसाठी मेन्लिशेन डोंगराच्या बाजूला रुंद, सौम्य निळे उतार आहेत आणि बंधूंना लाउबरहॉर्नचा शर्यतीचा उतार आहे. ही शर्यत १९३० पासून भरते आणि तिचा मार्ग सुमारे साडेचार किलोमीटरचा असल्यामुळे विश्वचषक मालिकेत तो सर्वांत लांब मानला जातो. मात्र शर्यत जानेवारीच्या मध्यास असते आणि त्या दिवसांत गावात खोल्या मिळणे कठीण होते, म्हणून तुमचे आरक्षण शर्यतीनंतरचे असावे. फेब्रुवारी लागला की युरोपातील शाळांच्या सुट्या सुरू होऊन दर चढतात. त्यामुळे तुमच्या बागेने दिलेली तारीखच इथे सर्वांत सोयीची ठरते.

उतारांच्या रंगांविषयी आधीच समजून घ्यावे. आल्प्समध्ये निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड असतो. फ्रान्समध्ये निळ्याहून सोपा हिरवाही असतो. पण हा रंग त्या-त्या ठिकाणच्या तुलनेत ठरतो, म्हणून एका गावचा निळा उतार दुसऱ्या गावी लाल ठरू शकतो. औलीला शिकून बरीच वर्षे झाली असतील, तर वहिनींनी (तुमच्या पत्नींनी) पहिला दिवस पुन्हा शिक्षकाबरोबरच घालवावा.

वेंगुर्लेकर

वरील सल्ला उत्तम आहे. तरीही गुलमर्गचा विचार इतक्या लवकर सोडून देऊ नये, असे मला वाटते. श्रीनगरपासून ते सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, व्हिसाचा प्रश्न नाही, शिक्षक हिंदीत बोलतात आणि आपल्या खाण्यापिण्याची सोय सहज होते. लहान मुलांना शिकवणाऱ्याची भाषा कळणे फार महत्त्वाचे असते. गावाजवळच्या कुरणातील सौम्य उतार नवशिक्यांना अतिशय चांगले आहेत. गोंडोलाच्या (बंद पाळण्यांच्या रोपवेच्या) पहिल्या टप्प्याने कोंगडूरीपर्यंत आईवडीलही जाऊ शकतील.

परंतु दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. दुसरा टप्पा ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर, अफरवट डोंगरावर नेतो आणि तिथले उतार बहुतांशी यंत्राने न दाबलेल्या, खोल, भुसभुशीत बर्फाचे आहेत. बंधूंना ते आवडतील, पण स्थानिक मार्गदर्शक आणि हिमप्रपाताची रोजची सूचना यांच्याशिवाय तिथे उतरू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच हिमप्रपातात दोन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. खाली अगदी सोपे आणि वर अगदी अवघड, अशी रचना असल्यामुळे आपल्या पत्नींसारख्या मधल्या पायरीवरच्या व्यक्तीला तिथे वाव कमी मिळतो. दुसरी गोष्ट बर्फाची. जानेवारी २०२४ मध्ये चिल्ले कलानच्या (काश्मीरमधील सर्वांत कडक चाळीस दिवसांच्या) ऐन थंडीतही गुलमर्गची कुरणे कोरडी राहिली होती. तिथे जायचे असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा धरावा आणि रद्द करता येईल असेच आरक्षण करावे.

औलीचे म्हणाल तर शिकण्यासाठी ती जागा सुरेख आहे. मात्र जानेवारी २०२३ मध्ये पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचल्यानंतर तिथला रोपवे बंद करावा लागला होता, त्यामुळे वयस्कर मंडळींना नेण्यापूर्वी सद्यःस्थितीची चौकशी करावी.

देवगडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आईचे गुडघे दुखतात, हे लिहायचे राहिले. माझ्या स्वतःच्या मनात भीती आहे ती वेगळीच: चाळिशीनंतर प्रथमच हे शिकताना शरीर साथ देईल का? इथे राहून काही पूर्वतयारी करता येईल का?

सावंतवाडी ७६

मी फिजिओथेरपीच्या व्यवसायात आहे आणि स्वतः स्कीइंग करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

स्कीइंगमध्ये मांडीचे पुढचे स्नायू आखडत नाहीत, तर ताणले जात असतानाच भार पेलतात. सपाट रस्त्यावर चालून ही सवय होत नाही, उतरण्याने होते. आपल्या कोकणात त्याची सोय घराशेजारीच आहे: जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. चढताना दमलात तरी हरकत नाही. उतरताना मात्र गुडघे किंचित वाकवून, पाऊल न आपटता, सावकाश उतरा. आठवड्यातून तीनचार वेळा, निघण्यापूर्वी निदान दोन महिने हे करावे. पहिल्या दिवसांत मांड्या भरून येतील, तो त्रास घरीच होऊन गेलेला बरा.

सहलीचा सर्वाधिक विचका भाड्याच्या बुटांमुळे होतो. बूट घालताना एकच पातळ, लांब मोजा घालावा. दोन मोजे घातले तर घड्या पडून पाय सोलवटतो. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला हलकेच टेकली पाहिजेत, आणि नडगी पुढे दाबून गुडघे वाकवले की बोटे किंचित मागे सरली पाहिजेत. टाच मात्र उचलली जाता कामा नये. टाच उचलत असेल तर दुकानदाराला निःसंकोच दुसरा जोड मागावा. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा यासाठी बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) प्रत्येकाचे वजन, उंची, वय आणि कौशल्य पाहून लावतात. तिथे संकोचाने वजन कमी किंवा कौशल्य जास्त सांगू नये, गुडघ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हेल्मेट सर्वांनीच घालावे. पहिले दोन दिवस दुपारनंतर थांबावे, कारण दमलेल्या पायांनी केलेल्या शेवटच्या फेरीतच गुडघे दुखावतात.

वडिलांबाबत उंचीचा विचार जरूर करा. गुलमर्ग गावच सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे वर उल्लेखिलेल्या क्लायने शायडेगपेक्षाही उंच. समुद्रकाठच्या माणसाने तिथे पोहोचल्या दिवशी पूर्ण विश्रांती घेतलीच पाहिजे. वेंगेनला मुक्काम खाली राहतो आणि वर जाणे काही तासांचे असते. तिथूनही ३,४५४ मीटरवरील युंगफ्राउयोख या आगगाडीच्या स्थानकाला नेण्याचा मोह होईल, पण तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. आईंसाठी बुटांखाली बसवायचे रबरी काटेरी पट्टे आधीच घेऊन ठेवा, गावातल्या दाबलेल्या बर्फावर घसरण्याची भीती फार असते.

दापोलीची माहेरवाशीण

उंचीचा मुद्दा फार महत्त्वाचा मांडलात. दादा, विम्याचे एक सांगते. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातील बऱ्याच देशांसाठीच्या एकत्रित व्हिसासाठी) किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण व्हिसापुरता काढलेला साधा प्रवास विमा स्कीइंगमधील दुखापत बहुधा मोजत नाही. हिवाळी खेळांचे कलम मागून घ्या आणि त्यात डोंगरावरून सुटका करण्याचा, गरज पडल्यास हेलिकॉप्टरचा, खर्च धरला आहे का ते वाचा. बंधू आखलेल्या मार्गाबाहेर उतरणार असतील, तर त्यांच्यासाठी ते कलम वेगळे तपासावे लागेल. मुलांची स्कीशाळा निघण्यापूर्वीच नोंदवा आणि आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा असे स्पष्ट लिहा. स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर आईंना भात-आमटी करता येईल. डाळ, कोकम, मसाले न्यावेत, पण तूप आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास तिथे मनाई आहे.